तिसरी पावडी

झाकण काढलं की आधी तंबाखूचा वास,
मग गंजाचा, मग मशीनच्या तेलाचा.
दहा तारा, त्यातली चौथी कायम उसनी.
आठव्या रेघेपासून पंधराव्यापर्यंत रंग उडालाय.
कुणाला वाटेल, बाईनं आयुष्य घालवलं इथं.
सातच वर्षं. तीही भारनियमनाची.

गुंडेटी मास्तर मागांचे फिटर.
दत्तनगरच्या बोळात दोन्हीकडे पॉवरलूम,
भिंतीला पाठ टेकली तर दात वाजायचे.
लाइट असेतो शिकवणी नाही.
लाइट गेली की माग एकेक करून थांबायचे,
शेवटचा धोटा कुठंतरी अर्ध्यात अडकायचा,
आणि हाक यायची,
नागमणी, रावे!

लाइट नाही म्हणजे अँपही नाही.
तारा नुसत्या कुजबुजायच्या.
मास्तर वाजवायचे, मी लाकडाला कान लावायचे;
मग मी वाजवायचे, मास्तर कान लावायचे.
दारातून बघणाऱ्याला वाटावं
दोघांचं काहीतरी खाली पडलंय.

गिटार मुळात मांडीवरची,
कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्राची.
तिला पाय मास्तरांनी लावले.
सायकलच्या ब्रेकची तार,
जुन्या हातमागाच्या तीन पावड्या,
दोन स्प्रिंगा, कारखान्यातून, न विचारता.
पावडी दाबली की तार ताणायची,
सूर जागचा उठून
शेजारी जाऊन बसायचा.

ओकटि, रेंडु, मूडु.
शाळेत मी मराठीत मोजलं,
हिशेब बँकेतल्या फॉर्मवर इंग्रजीत भरले,
पाय मात्र अजून तेलुगूतच चालतात.

डाव्या हातात पोलादाची कांडी.
रेघेवर थांब, म्हणायचे.
अलीकडे नाही, पलीकडे नाही.
रेघ तुला धरणार नाही गं,
ती नुसती रंगाची आहे.

आईनं विड्यांचा जुना पत्रा दिला,
पानं कापायचा, कोपरे झिजलेला.
त्याच्या तीन नख्या झाल्या.
पहिल्याच आठवड्यात बोटं कापली.
आई सुपातून मान वर न काढता म्हणाली,
हजार विड्यांना मलाही एवढंच लागतं.

चैत्रात तारा उतरायच्या.
मास्तर ओलं फडकं टाकायचे तिच्यावर,
माठावर टाकतात तसं.
चांगलं वाजलं असं कधी म्हणाले नाहीत.
चांगलं वाजलं की बिडी पेटवायचे.

मंडपात एकदाच बसले. कुंभारीचं लग्न.
गाणारा पुढं, ढोलकवाला शेजारी,
मागं मी, त्या टेबलासारख्या वस्तूपुढं,
पाय हलवत.
एका बाईनं वाकून विचारलं,
ब्लाउजची शिलाई किती घेतेस?
त्या रात्री पहिल्यांदा अँप लागला.
माझा हात इतका मोठ्यानं बोलतो
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
घाबरून पावडीवरचा पाय काढला,
सूर धपकन खाली आला,
गाणाऱ्यानं मागं वळून बघितलं.
मास्तर बिडी शोधत होते.

ते गेले त्या साली माग भंगारात गेले, किलोवर.
काटेवाल्यानं हिलाही उचलून पाहिलं.
मी म्हटलं, ठेव खाली,
माझी शिलाई मशीन आहे ती.

आता बोळात मोबाइलचं दुकान आहे,
समोर पाण्याच्या जारचा धंदा.
लाइट असते, आणि शांतताही असते,
दोन्ही एकदम.
अशा वेळी काय करायचं
हे मास्तरांनी शिकवलं नव्हतं.

अँप लावत नाही.
वाकते, कडेला कान टेकते.
एकटीनं दोन्ही कामं जमत नाहीत,
हात तिरके पडतात, कांडी घसरते
त्या उडालेल्या रंगावरून, जिथं रेघ होती.
तिसरी पावडी दाबली की वर येत नाही.
स्प्रिंग गेलीय.
सूर तसाच अडकून राहतो,
शेजारच्या घरी गेलेल्या पोरासारखा.
मी पायाचा अंगठा खाली घालते,
पावडी उचलते,
मूडु, म्हणते,
तो उतरतो.